जांभळ्याचं पिवळं झालं, पण पोटातल्या बाळाचं काय?

"झाडपाल्याचं औषध आहे हो, झाला तर फायदाच होईल, तोटा काही नाही."

हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. पुणे-बंगलोर हायवेच्या मधल्या पट्टीत कण्हेर लावलेली असते. तीही झाडपालाच. धोतरा झाडपाला, गुंज झाडपाला, एरंडाची बी झाडपाला. यातलं काहीही चहात टाकून प्यायला कोणी तयार होणार नाही. म्हणजे झाडं विषारी असू शकतात हे आपल्याला पक्कं माहीत असतं. पण तेच झाड वाळवून, अर्क काढून, बाटलीत भरून, वर हिरवं पान छापलं की आपली अक्कल रजेवर जाते.

आणि गेल्या काही वर्षांत त्या हिरव्या पानाला एक वैज्ञानिक सोबती मिळालाय. त्याचं नाव 'अँटिऑक्सिडंट'. आजचा सगळा राग या शब्दावर आहे. खरं तर शब्दावर नाही, तो शब्द ज्या दुसऱ्या प्रश्नाला झाकून टाकतो त्यावर आहे. प्रश्न साधा आहे: हा अर्क गर्भावर काय करतो ते तपासलंय का? माझं म्हणणं एवढंच की ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याला आपली बाटली गरोदर बाईला विकायचा अधिकार नसावा. बस्स. पुढचं सगळं याच एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

कुंडलची बाटली

मागच्या महिन्यात कुंडलला मामाकडे गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगली जिल्हा, पलूस तालुका. कऱ्हाडहून आत वळलं की ऊस, द्राक्षं आणि हळद यांचा पट्टा सुरू होतो, त्यातलं हे गाव. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्यामुळे गाजलेलं.

मामेभावाच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तिसरा महिना चालू आहे. देवळीत एक बाटली दिसली. सवयीनं उचलली आणि लेबल वाचलं. 'शंभर टक्के नैसर्गिक. अँटिऑक्सिडंटयुक्त. गर्भवती मातांसाठी उपयुक्त.' खाली बारीक अक्षरात शतावरी, अश्वगंधा, हळद आणि आणखी चार-पाच वनस्पतींचं 'सत्त्व'. सत्त्व कशात काढलं, किती किलोचं किती ग्रॅम केलं, कोणावर तपासलं, काही नाही. तालुक्याच्या एका दुकानातून आणलेली. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण अशी दुकानं तुमच्याही गल्लीत आहेत.

मी म्हटलं, "मामी, हे डॉक्टरांना दाखवलंय का?"

मामी म्हणाली, "त्येला काय दाखवायचं बाबा? झाडपाल्याचंच हाय की. पोराला काय हुतंय त्येनं?"

आता गंमत बघा. याच मामीनं वहिनींना पपई खाऊ दिली नाही. म्हणजे झाडाचं फळ पोटातल्या बाळाला बाधू शकतं हे तिला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि ते अगदीच चूक नाही. २००२ साली उंदरांवर झालेल्या अभ्यासात पिकलेल्या पपईनं काही झालं नाही, पण कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशयाच्या स्नायूला जोरदार आकुंचन आणलं. मामीचा पपईबद्दलचा संशय निदान कुठल्या तरी दिशेनं बरोबर होता. बाटलीबद्दल तिला संशय आलाच नाही, कारण बाटलीवर छापील अक्षर होतं.

कुंडलच्या उशालाच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांकडून जागा घेऊन तिथल्या माळरानावर कारखाना वसवला, तेव्हा स्टेशनचं नावही 'कुंडल रोड' होतं. त्याआधीची, बेळगावच्या दिवसांतली त्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. लोखंडी नांगर केला तर शेतकरी तो घेईनात, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. आज आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. पण निदान त्यांनी नव्या वस्तूबद्दल 'यानं विष तर होणार नाही ना?' असा प्रश्न तरी विचारला! आपण नेमकी उलटी अंधश्रद्धा धरून बसलोय. लोखंड विषारी नाही हे शिकलो, आणि पान विषारी असूच शकत नाही असं ठरवून मोकळे झालो.

अँटिऑक्सिडंटचा आकडा येतो कुठून?

लेबलवरच्या या शब्दामागे बहुतेक वेळा एक चाचणी असते. तिचं नाव डीपीपीएच. ती कशी चालते ते एकदा समजून घ्या, म्हणजे शब्दाचा दरारा आपोआप कमी होईल.

डीपीपीएच हे गडद जांभळ्या रंगाचं रसायन. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो, म्हणून तो 'फ्री रॅडिकल'. त्याचं अल्कोहोलमधलं द्रावण घ्यायचं आणि त्यात वनस्पतीचा अर्क टाकायचा. अर्कानं त्या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाला रंग किती उतरला ते यंत्रावर मोजायचं. निम्मा रंग घालवायला किती अर्क लागला, तो तुमचा आकडा. शेजारी तुलनेला क जीवनसत्त्व. झालं. एका दुपारचं काम. १९५८ पासून ही पद्धत चालत आलीय आणि जे काम ती करते ते नीट करते.

पण या सगळ्या खेळात माणूस कुठे आहे? पेशी कुठे आहे? पोट, यकृत, रक्त, वार, गर्भ यातलं काय आहे त्या नळीत? काहीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एका फंक्शनचा युनिट टेस्ट आहे, तोही सगळं खोटं मॉक करून. असा एक टेस्ट हिरवा झाला म्हणून कोणी थेट प्रॉडक्शनला रिलीज केलं, तर त्याला सोमवारी मॅनेजर केबिनमध्ये बोलावतो. इथे मात्र तो आकडा थेट लेबलवर जातो, आणि प्रॉडक्शन म्हणजे वहिनींचं पोट!

चहा, कॉफी, कोकमाचं सार, आमसूल, कडुनिंबाची पानं, सगळेच या चाचणीत थोडेफार पास होतात. वनस्पतीत फिनॉल गटातली रसायनं असतातच, आणि ती रंग उतरवतातच. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अशाच नळीतल्या आकड्यांची यादी आपल्या वेबसाइटवर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि कंपन्या जाहिरातीत त्यांचा गैरवापर करतात. ही यादी बंद होऊनही कितीतरी वर्षं झाली, आपल्याकडची लेबलं अजून तिथेच आहेत.

माणसांवर तपासलं तेव्हा काय झालं

'ऑक्सिडेशन वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट चांगलं' हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की तपासायची गरजच वाटू नये. पण काही लोकांनी तपासलं.

फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. अमेरिकेत तशाच दुसऱ्या चाचणीत कॅन्सर वाढताना दिसला आणि १९९६ मध्ये ती वेळेआधी थांबवावी लागली.

आता आपल्या विषयाजवळ येऊ. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा जो धोकादायक आजार आहे, त्यात ऑक्सिडेशनचा ताण वाढलेला असतो. मग अँटिऑक्सिडंट दिलं तर? ब्रिटनमध्ये जास्त धोका असलेल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवर हे करून बघितलं: रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सोबत ई जीवनसत्त्व, विरुद्ध बिनऔषधाची गोळी. निकाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आजार कमी झाला नाही. उलट अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत कमी वजनाची बाळं जास्त जन्माला आली.

आणि ही क आणि ई जीवनसत्त्वं होती बरं का, रेणू न्‌ रेणू ओळखीचे. इथे आपण सात-आठ वनस्पतींच्या शेकडो रसायनांच्या गोळाबेरजेबद्दल बोलतोय.

असं का व्हावं? कारण फ्री रॅडिकल हा निव्वळ खलनायक नाही. पेशी त्यांचा निरोप पोचवायला वापर करतात. गर्भात तर हे फार बारीक हिशेबानं चालतं. पहिल्या सुमारे दहा आठवड्यांत गर्भाला ऑक्सिजन मुद्दाम कमी मिळतो, आईचं रक्त वारेत पूर्णपणे खेळायला नंतर लागतं. कोणत्या पेशीनं वाढायचं, कोणती हृदय होणार, कोणती मेंदू, आणि कोणती मरणार, हे सगळं ठरलेल्या वेळी व्हावं लागतं. हो, मरणारसुद्धा. आपल्या हाताची बोटं सुटी झाली कारण मधल्या पडद्याच्या पेशी वेळेवर मेल्या. या कारभारात बाहेरून एखादा जोरकस रेणू शिरला तर तो मदत करेल की घोळ घालेल, हे जांभळ्या रंगावरून कळत नाही. ते बघायला गर्भच लागतो.

गर्भावर बघणं इतकं अवघड आहे का?

नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

झेब्राफिश नावाचा बोटभर मासा आहे. मूळचा आपल्याच उपखंडातला, गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात १८२२ साली हॅमिल्टननं नोंदवलेला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो, पुण्या-मुंबईतल्या संशोधन संस्थांतही आहे. त्याचा गर्भ आईच्या पोटाबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. चोवीस तासांत हृदय धडधडायला लागतं, सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतं.

त्यावर ठरलेली आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ओईसीडीनं २०१३ मध्ये २३६ क्रमांकानं ती मान्य केली. फलित अंडी घ्यायची, अर्काच्या वाढत्या पाच प्रमाणांत प्रत्येकी वीस गर्भ ठेवायचे, ९६ तास. दर चोवीस तासांनी चार गोष्टी बघायच्या: गर्भ गोठला का, शरीराचे खंड पडले का, शेपूट सुटी झाली का, हृदय चालतं का. सोबत स्वच्छ पाण्यातले गर्भ तुलनेला, त्यातले नव्वद टक्के जगलेच पाहिजेत, नाहीतर चाचणी बाद. म्हणजे चार दिवस आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक. व्यंग बघायचं तर त्याच गर्भांत पाठीचा वाक, हृदयाभोवतीची सूज, डोळ्यांचा आकार हेही टिपता येतं.

मासा म्हणजे माणूस नव्हे, मान्य. ही 'स्मोक टेस्ट' आहे. पास झालात तर लगेच सुरक्षित ठरत नाही. पण नापास झालात तर पुढे उंदीर, ससा यांच्यावर तपासल्याशिवाय 'गर्भवती मातांसाठी उपयुक्त' असं छापायची हिंमत होता कामा नये.

आता त्या बाटलीतली नावं घेऊ

*शतावरी.* मराठी घरात गरोदर बाई आणि शतावरी कल्प यांचं नातं सांगायला नको. २००६ साली बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी शतावरीच्या मुळाचा मिथेनॉलमधला अर्क उंदरांना दिला, दर किलो वजनाला रोज १०० मिलिग्रॅम. निकाल: गर्भ विरघळून जाण्याचं प्रमाण वाढलं, पायांवर सूज असलेली पिल्लं, खुंटलेली वाढ, लहान वार. गरोदरपणात जपून वापरा असं त्यांनीच लिहिलं. हे भारतीय संशोधन, भारतीय नियतकालिकात छापलेलं. म्हणजे 'परदेशी कंपन्यांचा कट' वगैरे म्हणायची सोय नाही. यावरून शतावरी कल्पानं बायकांना अपाय होतो असं सिद्ध होतं का? होत नाही. अर्क वेगळा, मात्रा वेगळी, प्राणी वेगळा. पण 'तपासायची गरजच नाही' हे म्हणणं मात्र त्या दिवशी संपलं.

*अश्वगंधा.* जागतिक आरोग्य संघटनेच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ही गरोदरपणात घेऊ नये असं म्हटलंय, कारण परंपरेत ती गर्भ पाडण्यासाठीही वापरली गेलीय. डेन्मार्कनं २०२३ मध्ये ती पूरक आहारात घालायला बंदीच घातली. आणि ती कुंडलच्या देवळीत, तिसऱ्या महिन्यात!

*हळद.* इथे माझ्या सांगलीकर नातेवाईकांचा पारा चढणार. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मलाही अभिमान आहे. १९९७ मध्ये डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द करून घेतलं, ३२ जुने संदर्भ समोर ठेवून. तोही अभिमान आहे. पण अभिमान म्हणजे विषशास्त्र नव्हे.

आमटीतली हळद सोडून द्या, तिच्याबद्दल तक्रारच नाही. एका चमच्यात तीन ग्रॅम धरा, त्यात तीनेक टक्के कुर्क्युमिन, म्हणजे ९० मिलिग्रॅम. आणि ५०० मिलिग्रॅमची '९५ टक्के' कॅप्सूल म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. पाच चमचे हळद एका घोटात. खाद्यरंग म्हणून कुर्क्युमिनची आंतरराष्ट्रीय रोजची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. ५५ किलोच्या बाईला १६५. आणि ही मर्यादा कशावरून ठरली माहीत आहे? उंदरांच्या पुढच्या पिढ्यांवर. जास्त मात्रेत दुसऱ्या पिढीच्या पिल्लांचं वजन कमी भरलं, त्यावरून.

२००७ मध्ये तैवानमध्ये झेब्राफिशच्या गर्भावर कुर्क्युमिन तपासलं. १५ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरभर पाण्यात साडेपाच मिलिग्रॅम, एवढ्यात दोन दिवसांत सगळे गर्भ मेले. लगेच घाबरू नका. तोंडावाटे घेतलेलं कुर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, तेच आपलं संरक्षण आहे. पण कंपन्या नेमकं तेच संरक्षण काढून टाकतात आणि त्याची जाहिरात करतात! मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं की माणसाच्या रक्तात कुर्क्युमिन वीसपट चढतं, हे १९९८ मध्ये बंगलोरमध्ये दिसलं. म्हणजे 'आमची आजी हळद खायची' हा दाखला त्या कॅप्सूलला लागूच पडत नाही. आजीनं वीसपट पॅच लावलेली हळद कधी खाल्ली होती?

*सदाफुली.* ही त्या बाटलीत नव्हती, पण अंगणात आहे, आणि 'शुगर'वर तिची पानं चावणारे गावोगाव आहेत. तिच्यातूनच व्हिन्क्रिस्टीन निघतं, १९६३ पासून कॅन्सरवर वापरलं जाणारं औषध. ते पेशींचं विभाजन थांबवतं. गर्भ म्हणजे दुसरं काय असतं? विभाजनच तर असतं! सदाफुलीचा अर्क जांभळ्याचं पिवळं झकास करतो. एकच अर्क, दोन आकडे. लेबलवर कुठला जाईल ते सांगायला नको.

*आणि द्राक्षं,* पलूस-तासगावकडची आठवण म्हणून. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल हे अँटिऑक्सिडंटांचं लाडकं बाळ. २०१४ मध्ये गाभण माकडिणींना ते दिल्याचा अभ्यास आला. चरबीयुक्त आहारावरच्या त्या माकडिणींची तब्येत सुधारली, वारेकडचा रक्तप्रवाह सुधारला. आईसाठी उत्तम. पण पिल्लांचं स्वादुपिंड ४२ टक्क्यांनी मोठं निघालं. फक्त आईकडे बघितलं असतं तर टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

नियम काय म्हणतो

आयुर्वेदिक औषधांच्या परवान्यासाठी २०१० मध्ये १५८-ब हा नियम आला. त्यात वनस्पतींच्या अर्कांचा तक्ता आहे. पाण्यात किंवा पाणी-अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क असेल आणि ग्रंथात सांगितलेल्याच कामासाठी असेल, तर सुरक्षिततेचा अभ्यास मागत नाहीत. दुसरं द्रावण वापरलं तर मात्र विषबाधा, जनुकांतले बदल आणि गर्भातलं व्यंग या चाचण्या लागतात.

म्हणजे गर्भातल्या व्यंगाची चाचणी काय असते हे सरकारला माहीत आहे. ती कधी मागायची हे द्रावणावरून ठरवलंय! शतावरीतली सॅपोनिन्स पाण्यातही उतरतात, अल्कोहोलमध्येही. अर्क कुठल्या पातेल्यात उकळला होता हे गर्भाला कळत नाही. त्याच्यापर्यंत रेणू पोचतो. चाचणी कोण घेणार आहे यावरून ठरायला हवी, कशात काढलं यावरून नाही.

शिवाय तीच वनस्पती 'पूरक आहार' म्हणून विकली की कायदाच बदलतो. तिथे लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापतात. मग कशासाठी आहे? शोभेला?

हमखास येणारे आक्षेप

"हजारो वर्षांचा अनुभव आहे." ठीक आहे, हिशेब करू. जगात कुठेही शंभरातली साधारण तीन बाळं मोठं व्यंग घेऊन जन्मतात. एका गावात वर्षाला १०० बाळंतपणं धरा, त्यातल्या २० बायकांनी एखादा अर्क घेतला आणि त्यानं धोका दुप्पट केला. गावाचा आकडा तीनवरून ३.६ होईल. कुठली सुईण, कुठला वैद्य, कुठली मामी हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणार? उलटी, जुलाब, गर्भपात हे अनुभवाला दिसतं. व्यंगाचा दुप्पट झालेला धोका दिसत नाही. तो मोजावा लागतो. हरियाणात 'मुलगाच व्हावा' म्हणून शिवलिंगी वगैरे घातलेली औषधं गरोदर बायकांना देतात. तिथे २०१५ मध्ये संशोधकांनी मोजलं, तेव्हा ती घेणाऱ्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त सापडली. तोपर्यंत तीही परंपराच होती.

"तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात." अजिबात नाही. चरकानं सांगून ठेवलंय की नीट योजलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष. गर्भिणीनं काय टाळावं हेही त्यात आहे. चरकाला जो संशय होता तो आजच्या लेबलाला नाही. मग आयुर्वेदाच्या विरोधात कोण? मी की तो लेबलवाला?

"अ‍ॅलोपॅथीनं थॅलिडोमाइड दिलं त्याचं काय?" अगदी बरोबर! १९५७ मध्ये ते 'निर्धोक' म्हणून बाजारात आलं, १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत दहा हजारांवर मुलं बाधित झाली. म्हणून तर गर्भावरच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. तो धडा दुसऱ्यांच्या मुलांच्या हातापायांची किंमत देऊन मिळालाय. तो फुकट मिळत असताना नाकारण्यात कसला आलाय स्वाभिमान?

"छोटे उत्पादक मरतील." चार दिवसांच्या माशाच्या चाचणीनं? ज्याला ती परवडत नाही त्यानं लेबलवरून 'गर्भवती मातांसाठी' हे दोन शब्द काढावेत. ते फुकट आहे.

मग करायचं काय

सरकारनं: १५८-ब मधली द्रावणाची अट काढून टाकावी. ज्या उत्पादनाच्या लेबलवर 'गरोदरपणात घेऊ नये' असं लिहिलेलं नाही, त्या प्रत्येकाला गर्भावरची चाचणी लागू. ज्यांनी केली नाही त्यांनी ठळक मराठीत छापावं: 'गरोदरपणातील सुरक्षितता तपासलेली नाही.'

विद्यापीठांनी: वनस्पतींवर दरवर्षी ढिगानं प्रबंध निघतात, डीपीपीएचचा तक्ता त्यात असतोच. त्याच्या शेजारी विषारीपणाचा एक तक्ता सक्तीचा करा. आणि गर्भ मेले की 'कॅन्सरवर उपयुक्त ठरण्याची शक्यता' असं लिहून वेळ मारून नेणं बंद करा. गर्भ मेले असं लिहा, मग पुढची आशा लिहा.

आणि तुम्ही-आम्ही: घरात कोणी गरोदर असेल, किंवा होऊ पाहत असेल, तर प्रत्येक 'सत्त्वा'ची बाटली डॉक्टरांसमोर ठेवा. ते आयुर्वेदाचे असले तरी चालतील, पण समोर ठेवा. 'होऊ पाहत असेल' हे मुद्दाम लिहिलंय, कारण गर्भाच्या अवयवांची मांडणी सुरू होते तेव्हा बऱ्याच जणींना अजून कळलेलंही नसतं. दुकानात विचारा, 'गर्भावर तपासलंय का? कागद आहे का?' दुकानदार हसेल. हसू द्या. दहा जणांनी विचारलं की तो विक्री प्रतिनिधीला विचारेल, प्रतिनिधी कंपनीला. आमच्या धंद्यात बग असाच वर सरकतो, कोणीतरी तिकीट उघडल्याशिवाय काहीच दुरुस्त होत नाही.

तर मंडळी, तिकीट उघडा. आणि 'त्याला काय होतंय' असं कोणी म्हणालं, तर उलट विचारा: "काही होत नाही हे कोणी बघितलंय?"